चांदीचं बोट

करंज्याच्या बंदरावर काटा लागला म्हणून हातातलं काम कोणी सोडत नाही. सोडायचं म्हटलं तर सकाळी आठलाच सगळं बंदर रिकामं होईल. त्यामुळे दिवाळीनंतरच्या आठवड्यात शिंगाळा माशाचा काटा मैनाच्या उजव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटात नखभर आत गेला, तेव्हा तिनं तो दातानं ओढून काढला, बोट चोखलं, बाजूला थुंकली आणि पुन्हा मासळी निवडायला बसली.

शेजारी गुणाबाई होती. वीस वर्षं दोघींच्या पाट्या एकमेकींना खेटून. एकीला तंबाखू लागली तर दुसरीच्या चंचीत हात घालायचा, विचारायचं नाही.

"लागला क?" गुणाबाईनं मान वर न करता विचारलं.

"लागला."

एवढ्यावर तो विषय संपला. बोट मात्र तीन आठवड्यांनी तिथंच फुगलं. आधी वाटाण्याएवढी लालसर गाठ, मग तिला भोक पडून पातळ पाणी. ठणकलं की बर्फात खुपसायचं, हे बंदरावरचं जुनं औषध. कोळंबीच्या पेटीत बर्फाचा चुरा भरलेलाच असतो. मैना मनगटापर्यंत हात आत घालायची, बधिर झाला की काढायची आणि विळीवर बसायची. नवं वर्ष लागलं तेव्हा एका गाठीच्या चार झाल्या होत्या. एक बोटावर, एक हाताच्या पाठीवर, एक मनगटाच्या वर आणि एक पार कोपराच्या वाटेवर, दोऱ्यात ओवल्यासारख्या एका ओळीत.

माणसाला दुखणं सोसतं, लोकांचे डोळे सोसत नाहीत. उरणच्या वसाहतीतली एक बाई दर रविवारी मैनाकडूनच पापलेट घ्यायची. तिनं एकदा त्या हाताकडं पाहिलं आणि पाकीट उघडता उघडता मिटलं. "आज नको मावशी, ह्या दुसऱ्या मावशी देतील," म्हणाली. दुसऱ्या मावशी म्हणजे गुणाबाई. तिनं मासळी तोलून दिली, पण दिवसभर मैनाशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिची पाटी वीतभर पलीकडं होती. आठवड्यानं मध्ये आणखी एक पाटी बसेल एवढी जागा झाली.

"माजी पन गिराइकं तुटतान गो मैना," गुणाबाई शेवटी म्हणाली. "घरान बारकी नातवंडा हायत. तू राग मानू नको."

मैनानं राग मानला नाही. पण त्या दिवशी ती उठून गेल्यावर कोणीतरी तिच्या बसायच्या जागेवर बादलीभर खारं पाणी ओतलं, आणि ते कोणी ओतलं हे तिनं वळून पाहिलं. ते तिला फार लागलं. महारोग हा शब्द कोणी उच्चारला नव्हता, तो पाण्याबरोबर ओतला होता.

नवरा बुधाजी दुसऱ्याच्या होडीवर खलाशी. आठ आठ दिवस पाण्यात. किनाऱ्याला आला की त्याला झोप हवी आणि जेवण हवं. पण हात पाहून तोही घाबरला आणि तिला पनवेलला एका मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथला सर्जन माणूस वाईट नव्हता, त्याच्या दारात रांग मोठी होती. त्यानं दोन वेळा औषधं बदलून दिली, गाठीतलं पाणी तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला, नमुन्यात कसलेच जंतू वाढले नव्हते. तिसऱ्या खेपेला त्यानं सांगून टाकलं, की हे वर चढतंय, बोटापासून सुरू झालंय, बोट काढून टाकू म्हणजे हात तरी वाचेल. पंधरा दिवसांनंतरचा गुरुवार त्यानं लिहून दिला.

"नऊ बोटांवर पन मानूस जगतो," बुधाजी परतीच्या एसटीत म्हणाला.

"तू जग. कोलंबी कोन सोलेल?"

त्यावर तो खिडकीबाहेर कंटेनरच्या गाड्यांची रांग बघत बसला. कोळंबी सोलताना ह्याच बोटाचं नख डोक्याखाली जातं, ह्याच बोटावर तिचं सोलाट, वरचं कवच, मागं सरतं, विळीवर मासळी फिरवताना हेच बोट पुढं असतं. ते गेलं तर मैनाला बंदरावर कोणी उभंही करणार नव्हतं. घरी जायच्या आधी ती द्रोणागिरी आईच्या देवळात गेली. पायरीवर डोकं टेकून म्हणाली, आई, एवढं बोट ठेव, तुला चांदीचं बोट वाहीन.

पोरगी रिया तेव्हा उरणला कॉलेजात होती. तोंडावर पुरळ उठलं म्हणून आदल्या वर्षी ती मैत्रिणीबरोबर पनवेलच्या लाइन आळीत एका कातडीच्या डॉक्टरणीकडं जाऊन आली होती, आईला न सांगता. आता सांगावं लागलं.

"आये, एकदा तिला दाखवू. डॉक्टर हाजरा. आपल्या उरनचीच हाय, मुकादमांची."

"तोंडावरच्या पुरलाची डॉक्टर हात काय बगनार?"

"हाताला कातडी नाय क?"

गुरुवारला आठ दिवस राहिले असताना मायलेकी टमटम करून उरणला आणि तिथून एसटीनं पनवेलला गेल्या. दवाखान्यात कॉलेजची पोरं, टक्कल पडायला लागलेला एक बँकवाला आणि डोक्यावर ओढणी घेतलेल्या दोघी तिघी बसल्या होत्या. मैनानं हात पदराखाली लपवला. लुगड्याला मासळीचा वास होता हे तिला तिथं बसल्यावर कळलं, आणि ती दाराजवळच्या खुर्चीवर सरकली.

डॉक्टर हाजरा पस्तिशीची, बारीक अंगाची. तिनं आधी रियानं दिलेले सर्जनचे कागद आणि हाडाचा फोटो बघितले, मग मैनाला समोर बसवलं आणि पदराकडं बोट केलं. मैनानं हात काढला. डॉक्टरणीनं तो दोन्ही हातांनी उचलून स्वतःच्या मांडीवरच्या टॉवेलवर घेतला. मोजे न घालता. एकेक गाठ हलकी दाबत, बोटापासून कोपरापर्यंत अंगठा फिरवत गेली. दोन महिन्यांत घरच्यांखेरीज ह्या हाताला कोणी असं उघड्या हातानं शिवलं नव्हतं. मैनाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते का आलं हे तिला तिथं सांगता आलं नसतं.

"काम काय करता मावशी?"

"कोलीन हाय. बंदरावर बसते."

"ते कळलं. हातानं काय काय करता ते दाखवा मला."

मैनाला हसू आलं. टेबलावर मासळी नव्हती, विळी नव्हती. तरी तिनं पेटीत हात घातल्यासारखा केला, बर्फ बाजूला सारला, कोळंबी उचलली, डोकं मोडलं, सोलाट काढलं, धागा ओढला. डॉक्टरीण बघत होती, अगदी एखादी पोर भाकरी थापताना आईचे हात बघते तशी.

"बर्फात हात किती वेळ?"

"पाटंपासून दुपारपत्तर. आनि ठनकला की मुद्दाम घालते."

डॉक्टरणीनं कागदावर काहीतरी लिहिलं. मग कापसाची बारीक वात करून मैनाला डोळे मिटायला सांगितलं आणि शिवेल तिथं बोट दाखवायला लावलं. मैनानं प्रत्येक वेळी बरोबर दाखवलं. मग दोन काचेच्या नळ्या आणल्या, एकीत गार पाणी, एकीत कढत.

"आता फक्त गरम की गार ते सांगा. डोळे मिटलेलेच असू दे."

"गार… गार… गरम."

डॉक्टरीण नळी उचलायला लागली तशी मैना म्हणाली, "ऱ्हावं द्या जरा. बरा वाटतं."

नळी तिथंच राहिली. "बरं वाटतं म्हणजे काय होतं?"

"ठनका जातो. भाकरी करताना पन तवा लागला का बरा वाटतं. भावाच्या पोरीची हलद झाली तवा तीन दिस चुलीपुढं व्हते मी, बर्फाला शिवले नाय. तवा ही वरची गाठ निम्मी झाली. मंग बंदरावर गेले आनि परत फुगली."

डॉक्टरीण खुर्चीत मागं टेकली. "हे त्या सर्जनना सांगितलंत?"

"त्यांनी इचारला नाय."

डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं. मग उठून तिनं स्वतः दार लावून घेतलं आणि खुर्ची मैनाजवळ ओढली. "हे बघा मावशी. पहिली गोष्ट, हा महारोग नाही. त्यात अशा जागी कळत नाही, तुम्हाला सगळं कळतंय. आणि हे तुमच्याकडून कोणाला होण्यासारखं मला दिसत नाही. दुसरी गोष्ट, मला जे वाटतंय ते नक्की नाही, पण सांगते. काही जंतू पाण्यातले असतात, मासळीच्या अंगावर असतात. काट्याबरोबर आत जातात. त्यांना माणसाच्या अंगाची ऊब सोसत नाही, म्हणून ते हातापायाच्या गार जागी राहतात. आणि तुम्ही त्यांना रोज बर्फ देत होतात."

"म्हंजे मीच पालला त्यांना?"

"पाळलंत नाही. पाहुणचार केलात."

रिया फिसकन हसली. मैनाही हसली, पण तिचं सगळं लक्ष गुरुवारात अडकलं होतं. "मंग रिपोर्टान काय कसा आला नाय?"

"नमुना ठेवतात तो माणसाच्या अंगाइतक्या उबेत. हे जंतू तिथं वाढतच नाहीत. मी नवीन नमुना घेते आणि त्यांना सांगते, निम्मा गार जागी ठेवा, आणि घाई करू नका." तिनं दिवसांचा हिशेब करून पाहिला. "हाडाचा फोटो मी बघितला, हाड अजून चांगलं आहे. सर्जनशी मी बोलते. मला चार आठवडे द्या. मी चुकले तर बोट तेव्हाही काढता येईल. कापलेलं मात्र मला परत लावता येणार नाही."

बोट बधिर करून तिनं डाळीएवढा तुकडा काढला, तेव्हा मात्र मोजे घातले. औषध त्याच दिवशी सुरू झालं. आणि बर्फ बंद, संपूर्ण बंद. संध्याकाळी सोसेल तेवढ्या गरम पाण्यात हात, पण भाजायचा नाही.

बर्फ बंद म्हणजे बंदर बंद. ओली मासळी बर्फाशिवाय कोण विकतो? मैनानं आपली पाटी उचलली आणि सुकवणीच्या जागेवर गेली. तिथं बांबूच्या वलांड्यांवर बोंबील जोडीजोडीनं टांगायचे, उन्हात तापायचं, उलटे करायचे, कावळे हाकायचे. काम कमी मानाचं, पण ऊन भरपूर. गोळ्यांनी तोंडाला सारखी तांब्याच्या भांड्यातल्या आंबट ताकाची चव. दुसऱ्या आठवड्यात हाताच्या पाठीवरची गाठ फुटली.

तो गुरुवार आला. बुधाजी किनाऱ्याला होता. सकाळपासून तो ओटीवर नुसता बसला होता.

"अजून टाइम हाय," तो म्हणाला. "दुपारची एसटी मिलेल. फुटली ना गाठ? ती बाय मानसाच्या तोंडाची डॉक्टर. चुकली तर हात जाईल."

"चुकू शकते आसा तिनीच सांगितला."

"मंग?"

"मना आजपत्तर कंच्या डॉक्टरनं आसा सांगितला नाय. म्हनून जात नाय."

बुधाजी उठला आणि बाहेर गेला. मैनाला वाटलं आता हा गुत्त्यावरच जाणार. तासाभरानं परसातून धूर आला. जन्मात कधी चूल न पेटवलेल्या त्या माणसानं तीन दगड मांडून हंडा चढवला होता आणि ओल्या लाकडाला फुंकर घालून घालून डोळे लाल करून बसला होता. पाणी तापल्यावर त्यानं स्वतःचं कोपर बुडवून पाहिलं, मग तिचा हात धरून आत घातला. किनाऱ्याला असला की तो रोज संध्याकाळी हे करायचा. गोड बोलणं त्याला कधी जमलं नाही, पाणी तापवणं जमलं.

चौथ्या आठवड्यात रियाचा मोबाइल वाजला. पलीकडं डॉक्टर हाजरा, आणि आवाजात अशी खुशी की रियाला वाटलं कोणाचं तरी लग्न ठरलं.

"मावशींना द्या. मावशी, वाढले. गार ठेवलेल्या नळीत वाढले, गरम नळीत काही नाही. तेच आहेत."

आपल्या हातातल्या किड्यांची वाढ झाली म्हणून एवढा आनंद करणारं माणूस मैनानं पहिल्यांदाच पाहिलं. "मंग आता?"

"आता तेच औषध. अजून बरेच महिने. गाठ गेली तरी मी सांगेन तोवर सोडायचं नाही."

होळीला वरची गाठ बसली. चैत्रात मनगटाची. मैना दर महिन्याला पनवेलला जायची आणि दाराजवळच्या खुर्चीवर नाही, पंख्याखाली बसायची. पावसाळ्याची बंदी लागून होड्या वर ओढल्या, तेव्हा बोटावर फक्त जांभळट डाग आणि थोडी आखडलेली कातडी उरली होती. मैनानं डॉक्टरणीपुढं बोट वाकवून दाखवलं, सरळ करून दाखवलं, आणि मग पिशवीतून सुक्या बोंबलांची मोठी पुडी काढून टेबलावर ठेवली. सगळा दवाखाना दरवळला. बाहेरच्या कॉलेजच्या पोरींनी नाकाला रुमाल लावले.

"तुमचे उपकार कसे फेडू, बाय? तुमी माजा बोट वाचवला."

"तुम्ही सांगितलंत म्हणून वाचलं. नळी ऱ्हावं द्या म्हणाला नसतात तर मीसुद्धा कापायलाच पाठवलं असतं कदाचित." डॉक्टर हाजरानं पुडी हुंगली आणि सरळ आपल्या पिशवीत टाकली. "आता येणाऱ्या प्रत्येकाला विचारते मी, शेकल्यावर कसं वाटतं म्हणून. हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. मीच तुमची आभारी आहे मावशी."

मैनाला हे ऐकून ओशाळल्यासारखं झालं. डॉक्टर माणूस आपले आभार मानतो हे तिनं घरी कोणाला सांगितलं नाही. खोटं वाटलं असतं.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या. शेवटची गोळी संपल्यावर मैनानं उरणच्या सोनाराकडून चांदीचं बोट करून घेतलं, पातळ पत्र्याचं, पण नखासकट. मंगळवारी सकाळी न्हाऊन, चांगलं लुगडं नेसून, बोट चंचीत घालून ती देवळाकडं निघाली. वाट बंदरावरून जात होती. लिलाव उरकला होता. बायका पाट्या मांडून बसल्या होत्या आणि रांगेत एक जागा तुटल्यासारखी दिसत होती. अलीकडच्या चार जणी एकमेकींना खेटून, पलीकडच्या तिघी खेटून, आणि मध्ये, दोन्हीकडं हातभर रिकामी जागा सोडून, गुणाबाई.

गुणाबाईच्या उजव्या हाताला चिंधी गुंडाळली होती. मैना दिसताच तिनं तो हात बर्फाच्या पेटीत खुपसला.

मैना उभी राहिली. खोटं कशाला सांगा, पहिल्यांदा तिला बरं वाटलं. बादलीभर खारं पाणी तिला अजून आठवत होतं आणि ओतणारी समोर बसली होती. तिला नुसतं पुढं चालत जाता आलं असतं, कोणी काही म्हटलं नसतं. मग पेटीतल्या त्या हाताकडं तिचं लक्ष गेलं. मनगटापर्यंत आत होता आणि गुणाबाईचे ओठ पांढरे पडले होते.

"हात काड," मैना म्हणाली.

"काय नाय झाला. खरचटलाय."

"गुने, आधी बर्फातून हात काड."

गुणाबाईनं हात काढला. मैना तिच्यासमोर उकिडवी बसली, चांगलं लुगडं घाणीत गेलं. तिनं चिंधी सोडली. अंगठ्यावर फुटलेली गाठ, आणि वर मनगटाकडं दुसरी उठायला लागलेली. मैनानं तो थंडगार, ओला, मासळीच्या खवल्यांनी भरलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. सगळी रांग बघत होती. तिनं मुद्दाम बघू दिलं.

"कवा लागला?"

"दीड महिना झाला. पापलेटाच्या जाल्यान. मैना, माज्या जवल बसू नको. तुजा आताच बरा झालाय."

"हे मानसाचा मानसाला होत नाय. आनि तुजा तेच हाय क दुसरा काय, ते मना नाय कलत, डॉक्टर बायला कलेल. चुलीपुढं बसली का बरा वाटतं?"

गुणाबाईनं मान वर केली. "तुला कसा म्हाईत?"

मैनानं चिंधी पुन्हा बांधली. गुणाबाईची पाटी शेजारणीच्या हवाली केली, तिला दंडाला धरून उठवलं आणि टमटमच्या वाटेला लागली. देवळाचा कळस उजव्या हाताला दिसत होता. मैनानं तिकडं तोंड करून हात जोडले. आई, तुजा बोट माज्याकडं हाय, ती मनात म्हणाली, उद्या आनते. आज पनवेलला जायाचा हाय.

एसटीत गुणाबाई खिडकीशी अंग चोरून बसली होती. वाटेतलं जासई मागं पडलं तरी तिनं मैनाकडं पाहिलं नाही. मग हळूच म्हणाली, "तवा ते पानी मीच ओतलेला."

"म्हाईत हाय."

"मंग?"

"मंग काय. दे तो हात हिकडं, वारा लागतोय त्याला." मैनानं तिचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, वरून पदर घातला आणि पनवेल येईपर्यंत तसाच उबेला धरून ठेवला.